गिंबल घ्यावे की न घ्यावे?

मैत्रिणींनो, पोळा तोंडावर आला. आमच्या नागपूरला बैलांच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळात, १८०६ साली, तो सुरू झाला असे सांगतात. चाके लावलेला लाकडी नंदी, त्याच्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि दोरीने त्याला ओढत निघालेली नटलेली मुले! घरोघरी जायचे आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, गोळा करायचा. त्याच दिवशी काळ्या-पिवळ्या मारबतींची मिरवणूक असते, त्यामुळे इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते.

गेल्या वर्षी सासूबाई नातवाबरोबर स्वतः गल्लीत उतरल्या. गुडघे दुखत होते, मी नको म्हणत होते, तरी उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने नातवाच्या नंदीची दोरी. मी मागून मोबाईलवर व्हिडिओ काढत चालले. चार मिनिटांचा मोठा व्हिडिओ झाला. लगेच पुण्याला धाकट्या दिरांना पाठवला आणि आपण मोठे काम केले अशा ऐटीत चहा टाकला.

माघात सासूबाई गेल्या. तेराव्यानंतर पुण्याला परतलेल्या भाऊजींचा एका रात्री फोन आला. "वहिनी, तो पोळ्याचा व्हिडिओ लावून पाहून राहिलो. डोकं गरगरतं हो. आईचा चेहरा कुठे थांबतच नाही."

आम्ही तो टीव्हीवर लावून पाहिला. मोबाईलच्या बोटभर पडद्यावर जे कळले नव्हते ते तिथे लख्ख कळले. रस्ता, आभाळ, कुणाची तरी छत्री, नंदीचे चाक, पुन्हा आभाळ. सासूबाई मधूनमधून येतात आणि जातात. नंतर काढू, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही.

म्हणून आज या पानावर पापड-कुरडयांऐवजी एका यंत्राविषयी लिहिते आहे. व्हिडिओ काढताना मोबाईल स्थिर ठेवणारी जी दांडी मिळते, तिला गिंबल म्हणतात. लग्नातल्या व्हिडिओवाल्यांच्या हातात तुम्ही तिची मोठी बहीण पाहिलीच असेल. आमच्या भिशीत सध्या तिचाच विषय आहे. एकीला रांगोळीचे व्हिडिओ काढायचे आहेत, एकीला नातीच्या अरंगेत्रमचे, एकीला नुसतेच जावेपेक्षा चांगले! घ्यावे का, कोणते घ्यावे, की पैसे पाण्यात जातील? मी या बाबतीत आधी पैसे पाण्यात घालून बसलेली आहे, त्यामुळे चार शब्द सांगायचा मला अधिकार आहे.

आधी आपला व्हिडिओ हलतो का, ते पाहू. सगळा दोष हाताचा नसतो. माझी सर्वांत मोठी चूक होती झूम. सासूबाई दहा पावले पुढे होत्या, चेहरा मोठा दिसावा म्हणून मी दोन बोटे ताणून त्यांना जवळ ओढले. चित्र दुप्पट जवळ ओढले की हाताची थरथरही दुप्पट मोठी होऊन दिसते, तिप्पट ओढले की तिप्पट. २०१८ साली 'झुंड'च्या चित्रीकरणासाठी अमिताभ बच्चन नागपुरात होते, तेव्हा आमच्या शेजारच्या मामींनी लांबून झूम करून त्यांचा व्हिडिओ काढला होता. तो त्यांनी अजून जपून ठेवला आहे. त्यात एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे जाते. मामी म्हणतात तोच अमिताभ, आणि आम्ही मान डोलावतो.

तेव्हा पहिला उपाय फुकटाचा आहे. झूम करू नका, पायांनी जवळ जा. दोन्ही हातांनी मोबाईल धरा, कोपरे बरगड्यांना टेकवा आणि उभा नव्हे तर आडवा धरा, कारण पुढे तो टीव्हीवर पाहायचा असतो. खांब, भिंत, दाराची चौकट, काही मिळाले तर पाठ टेकवा. एवढ्यावर अर्ध्याअधिक जणींचे काम भागेल आणि गिंबलाचे पैसे वाचतील.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली मोबाईलमध्येच ती सोय असते ना? असते. ती दोन प्रकारची असते. एका प्रकारात कॅमेऱ्याचे भिंगच आत किंचित सरकते आणि हाताची थरथर सावरून घेते. ही सोय बहुधा महागड्या फोनांत. दुसऱ्या प्रकारात हिशेब सगळा चित्राचा. फोन प्रत्येक चित्राच्या कडा थोड्या थोड्या कापतो आणि उरलेली चित्रे एकावर एक नीट बसवतो. आपण ब्लाउज शिवताना शिलाईत कापड सोडतो ना, तसेच हे. कापड सोडलेले असेल तर उसवून सैल करता येते. काठोकाठ बेतले असेल तर शिंपीण तरी काय करणार?

हे मला कळले तेही पोळ्याच्या त्याच व्हिडिओपायी. काढून झालेला व्हिडिओ स्थिर करण्याचे बटण गूगल फोटोजमध्ये असते. आमच्या चिरंजीवांनी ते दाबून दिले. रस्ता हलायचा थांबला खरा, पण झूममुळे सासूबाई आधीच चित्राच्या काठाला होत्या, त्या कापलेल्या कडेबरोबर गेल्या! स्वच्छ, स्थिर, रिकामी गल्ली उरली. 'हे' काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मूळ व्हिडिओ ठेवला होता म्हणून वाचले. तेव्हा असले काही करताना आधी मूळ प्रत वेगळी ठेवा, हे माझे कळकळीचे सांगणे.

कडा कापण्याच्या या युक्तीची आणखी एक मेख आहे. संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात ती लंगडी पडते. उजेड कमी असला की कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात हात हलला की ते चित्रच फराटल्यासारखे होते. मग अशी फराटलेली चित्रे कितीही नीट एकावर एक बसवली तरी फराटे कसे जाणार? गरब्याचे, गणपतीच्या आरतीचे, रात्रीच्या वरातीचे व्हिडिओ याचमुळे बिघडतात. इथे मात्र गिंबल कामाला येते, कारण ते मुळात फोनलाच हलू देत नाही.

कसे हलू देत नाही, तेही समजून घ्या. म्हणजे दुकानदार तुम्हाला गुंडाळणार नाही. जहाज कितीही हेलकावले तरी त्यातले होकायंत्र सपाट राहावे म्हणून ते एकात एक अशा कड्यांत टांगलेले असते. बोटीवरच्या शेगड्याही अशा टांगतात, नाहीतर आमटी सांडेल. गिंबल हे त्या कड्यांचेच नाव. मोबाईलच्या गिंबलात कड्यांऐवजी तीन छोट्या मोटारी असतात. फोन किती कलला ते आतले नखाएवढे यंत्र सतत मोजत असते आणि तो जिकडे कलेल त्याच्या उलट दिशेला मोटारी त्याला तेवढाच फिरवतात. मोटारी तीन का? कारण फोन तीन तऱ्हांनी वळतो. आपण 'नाही' म्हणताना मान हलवतो तसा, 'हो' म्हणताना हलवतो तसा, आणि 'बघू या' म्हणताना खांद्याकडे झुकवतो तसा. तिन्ही सावरायचे तर तीन मोटारी हव्यात.

माझे पैसे बुडाले ते नेमके इथे. घरबसल्या मागवलेल्या वस्तूच्या चित्राखाली 'गिंबल' असे ठसठशीत लिहिले होते, किंमत तेराशेच्या आत. आली ती सेल्फीची काठी, टोकाला एकच मोटार. ती फक्त 'बघू या' एवढेच सावरायची. चालायला लागले की 'हो हो, नाही नाही' चालूच. परत पाठवायला गेले तर मुदत कालच संपलेली. तेव्हा पेटीवर 'तीन अक्ष' किंवा 'थ्री ॲक्सिस' लिहिले आहे का, ते आधी पाहा. नसेल तर ती काठी आहे, फोटोपुरती ठीक.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तिन्ही मोटारी मिळूनसुद्धा फक्त वळणे सावरतात. आपण पाऊल टाकले की सगळे शरीर वर-खाली होते, त्याबरोबर गिंबलही वर-खाली होते. ते सावरणारे यंत्र त्यात नाही. ते काम आपल्या गुडघ्यांचे. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई आठवा. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आधी टाचेवर मग चवड्यावर, कमरेखाली सगळी हालचाल आणि वर मान जागच्या जागी. घरी सराव करायचा तर काठोकाठ भरलेला पेला हातात घेऊन स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत जा. मी आठवडाभर गेले. फरशी रोज आपोआप पुसून निघाली आणि मुलाची करमणूक झाली. पण आठव्या दिवशी पेला सांडला नाही, हेही सांगते.

सिनेमावाल्यांनाही हीच अडचण होती. पन्नास वर्षांपूर्वी चालता कॅमेरा स्थिर हवा असेल तर रूळ टाकून त्यावरून गाडी ढकलावी लागे. जिन्यावर रूळ कसे टाकणार? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात गॅरेट ब्राऊन नावाच्या माणसाने त्यावर तोड काढली. कॅमेरा एका दांडीवर बसवला, त्याची बॅटरी आणि पडदा दांडीच्या दुसऱ्या टोकाला, दूर. तारेवर चालणारी मुलगी हातात लांब आडवी काठी धरते, त्यातलेच तत्त्व. वजन पसरले की ते सहजासहजी गिरक्या खात नाही. वर-खाली हेलकावे शोषायला स्प्रिंगचा हात, आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावरच्या जाकिटाला जोडलेला. या यंत्राचे नाव स्टेडीकॅम. नमुना म्हणून त्याने आपल्या मैत्रिणीला तिथल्या कलासंग्रहालयाच्या उंच पायऱ्यांवर पळायला लावले आणि मागून चित्रण केले. ते पाहूनच १९७६ च्या 'रॉकी' चित्रपटात नायक त्या पायऱ्या चढतो तो प्रसंग आला. ती मैत्रीण पुढे त्याची बायको झाली. पळवून पळवून दमवल्यावरही हो म्हणाली म्हणायची!

आपल्याकडच्या बाईची गोष्ट मला याहून जवळची वाटते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा एका जागी पक्का ठेवायचा आणि रोज थोडे थोडे चित्रण करायचे. पडद्यावर दाण्यातून रोप सरसर उगवताना दिसले. सरस्वतीबाई फाळके या सगळ्यात होत्या. दिवसभर घरचे आणि मंडळींचे जेवणखाण करून रात्री अंधारात फिल्मच्या कडेला भोके पाडायचे काम त्या करीत. तो कॅमेरा दिवसचे दिवस जागचा हलला नाही म्हणून ते रोप दिसले.

हे सांगायचे कारण असे, की गिंबल हे चालणाऱ्या बाईसाठी आहे, उभ्या असलेल्या बाईसाठी नाही. रांगोळी, मेंदी, पुरणपोळी, शिकवणीचा फळा यांचे व्हिडिओ काढणार असाल तर चांगला तीन पायांचा स्टँड घ्या. हजार-दोन हजारांत उत्तम मिळतो आणि तो कधी चार्ज करावा लागत नाही. परातीच्या वर फोन आडवा धरणारा, आडव्या दांडीचा स्टँड मिळतो, तो रांगोळीवाल्या मैत्रिणीने घेतला आणि तिचा प्रश्न मिटला. अरंगेत्रमसाठीही सभागृहात तिसऱ्या रांगेच्या टोकाला स्टँडच बरा. दोन तास हातात गिंबल धरून बघा, मग खांदा बोलतो की नाही! मूल पळते आहे, वरात चालली आहे, माहेरचा वाडा विकायच्या आधी त्याच्या खोल्या एकदा टिपून ठेवायच्या आहेत, ओट्यावरून आडापर्यंत आई चालत काही सांगते आहे, अशा कामांना गिंबल.

घ्यायचे ठरलेच, तर आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर फोन ठेवा. हसू नका. प्रत्येक गिंबलाला वजनाची मर्यादा असते. उदाहरणार्थ डीजेआय कंपनीच्या ओस्मो मोबाईल ६ ला १७० ते २९० ग्रॅमचा फोन चालतो, जाडी फार तर १० मिलिमीटर. माझा फोन १९५ ग्रॅमचा, पण मागे पैसे ठेवायच्या कप्प्याचे जाड कव्हर, ते धरून २८० च्या वर गेला. कव्हर काढून लावला तर ठीक. वजन जास्त झाले की मोटारी घूं घूं करतात, तापतात आणि शेवटी मान टाकतात. फोनची रुंदीही मोजून न्या, चिमट्यात बसला पाहिजे. मोठा कॅमेरा असणाऱ्यांसाठी गिंबल वेगळे, जड आणि बरेच महाग. त्या भानगडीत आपण पडायचे कारण नाही.

डीजेआय, झियुन, होहेम ही नावे दुकानात ऐकू येतील. तीन मोटारींचे मोबाईलचे गिंबल साधारण पाच-सहा हजारांपासून पंधरा-सोळा हजारांपर्यंत जाते. मी सीताबर्डीच्या तीन दुकानांत हिंडले. महागड्यात काय जास्त मिळते? घडी घालायला सोपे, आतून लांब होणारी दांडी, बॅटरी जास्त वेळ, आणि चेहरा ओळखून फोन आपोआप त्याच्यामागे फिरणे. ही शेवटची सोय एकट्याने व्हिडिओ काढणाऱ्यांना खरोखर उपयोगी आहे. पण ती बऱ्याचदा कंपनीच्याच ॲपमधून चालते आणि जुन्या फोनवर ते ॲप कुरकुरते. काही ॲपे तर प्ले स्टोअरवर नसतात, कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावी लागतात. तेव्हा आपलाच फोन घेऊन जा आणि ॲप दुकानदारासमोर उतरवून, जोडून, चालवून पाहा. "घरी जाऊन होतं मॅडम" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्डीवर चक्कर मारावी लागली.

दुकानात चालूनही पाहा. लाजू नका, साडीच्या दुकानात आपण पदर खांद्यावर टाकून आरशासमोर फिरतोच ना. पाच मिनिटे हातात धरून ठेवा, मनगट भरून येते का पाहा. शांत जागी थोडे बोलून चित्रण ऐका, मोटारीचा आवाज येतो का. सर्वांत रुंद भिंग लावून बघा, गिंबलाचाच दांडा चित्रात डोकावतो का. आणि बिघडले तर दुरुस्तीला कुठे पाठवता, किती दिवस लागतात, हे बिल फाडायच्या आधी विचारा. बिल पक्केच घ्या, त्याशिवाय वॉरंटीला अर्थ नाही.

पैशांचे म्हणाल तर आमच्या भिशीने वेगळी वाट काढली. मी आधी एका लग्नासाठी दोन दिवस गिंबल भाड्याने आणले होते. कॅमेरे भाड्याने देणारी दुकाने आता नागपुरातही आहेत. रोजचे चारशे, वर अनामत रक्कम आणि ओळखपत्राची प्रत. त्या दोन दिवसांत एवढे कळले की वर्षातून आपल्याला हे फार तर सहा-सात वेळा लागणार. मग एकटीने आठ-नऊ हजार कशाला घालायचे? बारा जणींनी सातशे-सातशे काढले, आठ हजार चारशेत मधल्या किमतीचे आले. वहीत नाव लिहून न्यायचे, तीन दिवसांत चार्ज करून परत आणायचे. मोडले तर जिच्या नावावर नोंद तिने दुरुस्ती द्यायची. या शेवटच्या नियमावर दोन बैठका खर्ची पडल्या आणि एक मैत्रीण महिनाभर बोलत नव्हती, हे लपवत नाही. घरात सगळ्यांना विचारून घेतले का, असे काहींनी विचारले. माझे सातशे माझ्या शाळेच्या पगारातले. 'ह्यांना' मी नंतर सांगितले. ते म्हणाले, "बरं केलंस."

वापरताना चार गोष्टी सांभाळा. आधी फोन चिमट्यात नीट मधोमध बसवा, हात सोडल्यावर तो फार कलता कामा नये, मगच बटण दाबा. फोन न लावता गिंबल सुरू करू नका, मोटारी उगाच झटके खातात. चार्जरची किंवा कानातल्याची वायर फोनला लोंबत ठेवू नका, तेवढ्याने तोल जातो. लोहचुंबक असलेली कव्हरे काढा. गिंबल पाण्यात चालत नाही, आणि पोळ्याला पाऊस हटकून येतो. प्लास्टिकची पिशवी घातली तर मोटारी अडतात, त्यापेक्षा कुणाला तरी छत्री धरायला सांगा. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. पारा ४५ च्या वर गेला असताना स्कूटरच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत ते ठेवू नका, आत लिथियमची बॅटरी असते. विमानाने जाणार असाल तर त्याच कारणाने ते हातातल्या सामानात घ्या. स्कूटरच्या हँडलला मोबाईल अडकवून व्हिडिओ काढायची तरुण मुलींना हौस असते. मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याची सरकणारी भिंगे बिघडू शकतात, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ साली स्वतःच दिला होता.

आणि एवढे करूनही सतत चालू नका. हे मला गिंबलाने नव्हे, पोळ्याच्या त्या व्हिडिओनेच शिकवले. भाऊजींच्या फोननंतर आम्ही ती चार मिनिटे पुन्हा पुन्हा, सावकाश पाहिली. तिसऱ्या मिनिटाला समोरच्या काकूंच्या दारात मिरवणूक अडली होती. काकू मुलाच्या हातावर बोजारा ठेवत होत्या. गर्दीने मला त्यांच्या चौकटीशी दाबून धरले होते, मागे सरकायला जागा नव्हती, आणि सासूबाई दोन हातांवर होत्या म्हणून झूमही नव्हता. तिथे अकरा सेकंद चित्र हलत नाही. सासूबाई वळतात, डोळ्यांवर हात धरतात आणि म्हणतात, "पुरे गं, किती काढशील!" आणि हसतात. तेवढा तुकडा भाऊजींनी कापून घेतला आहे. पुण्याच्या त्यांच्या घरी तो टीव्हीवर लागतो, तसा आमच्याही.

तेव्हा यंदा मी गिंबल घेऊन निघणार आहे, वहीत पोळ्याच्या दिवशी माझे नाव लावून ठेवले आहे. पण दर घराच्या दारात थांबायचे आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत जागचे हलायचे नाही, असे ठरवले आहे. यंदा काकांच्या घरून चुलत सासूबाई यायच्या म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे, पण नंदीची दोरी मीच धरणार म्हणून आतापासून बजावून ठेवले आहे.

आदल्या रात्री फोन आणि गिंबल दोन्ही चार्जिंगला लावायला विसरू नका. फोनमध्ये जागा आहे का तेही तेव्हाच पाहा, व्हिडिओ फार जागा खातो आणि ऐन वेळी 'जागा संपली' असे लिहून येते. जागा करायला जुने व्हिडिओ पुसावे लागले तर ते मात्र दुपारी, निवांत बसून पुसा, आणि एकेक उघडून, शेवटपर्यंत पाहून.